दुसऱ्या तांड्याचा नाईक

फुलचंदचा हात जात्यावर ठेवून ठेचला, त्या सकाळी तांड्यात दारूचा थेंबही नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे सावरटेकच्या ठाण्यातून जे जे कागद निघाले, त्या सगळ्यांत दारूचे माठच्या माठ भरलेले होते. कागदावरचे माठ भरायला मोहाची फुलं लागत नाहीत.

कपाशीची वेचणी जोरात होती. तांड्यातली अर्धी माणसं शेतात गेली होती. हिरासिंग नाईक दारात बसून दोर वळत होता आणि त्याची बायको सुखीबाई ओसरीत जात्यावर ज्वारी दळत होती. तेवढ्यात घनश्याम जमादार तीन शिपाई घेऊन तांड्यात शिरला. हा जमादार अंगानं आडवा आणि बोलण्यानं त्याहून आडवा. दारूबंदीचा कायदा आल्यापासून त्याला कोणाच्याही घरात घुसायला कारण लागत नसे.

"नाईक, माल काढ," तो म्हणाला.

"माल नाई साहेब. पाहून घ्या," हिरासिंग म्हणाला.

जमादारानं पाहून घेतलं. घरातली गाडगी फोडली, चूल उकरली आणि शेवटी कणगीत लाठी खुपसून ती टराटरा फाडली. वर्षाची ज्वारी मातीत सांडायला लागली. तेव्हा घरातून नाईकाचा धाकटा मुलगा फुलचंद पुढे आला आणि त्यानं जमादाराची लाठी धरली. मारायला नव्हे, थांबवायला. पण वर्दीला थांबवणं आणि मारणं यांतला फरक शिकवलेलाच नसतो.

जमादारानं लाठी सोडून दिली. त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"कोनत्या हातानं धरली बे?"

लाठी अजून फुलचंदच्या उजव्या हातात होती.

"विठ्ठल, तो हात धर. जात्यावर ठेव."

विठ्ठलराव शिपाई शेजारच्याच गावचा, घरी कपाशी-तुरीची शेती असलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यानं हिरासिंगकडूनच बैलजोडी घेतली होती. तो क्षणभर घुटमळला आणि मग त्यानं हात धरला. दुसऱ्या दोघांनी हिरासिंगच्या छातीला बंदुका लावल्या. जमादारानं तिसरी बंदूक उलटी धरली आणि दस्ता खाली आणला. पहिल्या दणक्याला फुलचंद ओरडला, दुसऱ्याला त्याच्या घशातून आवाजच निघाला नाही, आणि तिसऱ्याला हाडं मोडल्याचा आवाज सुखीबाईनं ऐकला. ती जात्याच्या पलीकडच्या बाजूला तशीच बसलेली होती, खुंटा हातात धरून. जात्यावरचं पीठ लाल झालं.

त्या जात्यावर ती पुन्हा कधी दळायला बसली नाही. शेजारणीकडे जाऊन दळून आणी.

फुलचंदचा हात वाचला, असं डॉक्टर म्हणाला. वाचला म्हणजे मनगटाला चिकटून राहिला. बोटं आत वळली ती वळलीच. भाकरीचा घास त्याला डाव्या हातानं घ्यावा लागे, आणि कासरा धरणं तर संपलंच.

त्या संध्याकाळी तांड्यातली माणसं शेतातून परतली आणि कुऱ्हाडी घेऊन नाईकाच्या दारात उभी राहिली. सगळ्यांत पुढे थोरला मुलगा भीमसिंग. त्याचं म्हणणं सोपं होतं. ठाण्यात माणसं मोजकी, तांड्यात पुष्कळ.

"मंग काय होईल?" हिरासिंगनं विचारलं. "जमादार मरंल. मंग यवतमाळहून पन्नास येतील. घरं जाळतील, बाया ओढतील. तो हात दुरुस्त होईल काय तुह्या भावाचा?"

"मंग बसून राहू काय, बा?"

"बसायचं नाई. तक्रार करायची."

हिरासिंगला कायदा ठाऊक नव्हता, पण नसाब ठाऊक होती. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिच्यामुळे त्याचा तक्रारीवर विश्वास होता, आणि तो काही हवेतला नव्हता. एका वर्षी त्याच्या बैलांनी लालीबाई नावाच्या विधवेची उभी ज्वारी खाल्ली आणि नाईक असूनही तो गप्प बसला होता. लालीबाईनं भर तांड्यात तक्रार केली. नाईकावर तक्रार असली की नाईक नसाबीत नाईक म्हणून बसत नाही. दुसऱ्या तांड्याचा नाईक बोलावतात. खेमसिंग नाईक आला. हिरासिंगनं डोक्यावरची पागडी काढून पुढ्यात ठेवली आणि जमिनीवर बसला. आधी लालीबाईला स्वतःची चूक सांगावी लागली, कारण तक्रार करणाऱ्यानं आपल्या अंगावरचं आधी झाडायचं, अशीच रीत. तिनं सांगितलं की रागाच्या भरात मी दगड मारून एका बैलाचं शिंग मोडलं. मग हिरासिंगनं आपलं सांगितलं. खेमसिंगनं दोघांना दंड केला, दोघांनी एका ताटातला गूळ खाल्ला आणि विषय मिटला. पुन्हा त्या ज्वारीचं नाव कोणी काढलं नाही. हिरासिंगला त्या दिवशी लाज वाटली होती खरी, पण झोपही शांत लागली होती.

कोरांच्या राज्यातही असंच काहीतरी असणार, असं त्याला वाटलं. कोर म्हणजे तांड्याबाहेरचे लोक. एवढं मोठं राज्य चालवतात, तर जमादाराच्या वरही कुठला तरी दुसऱ्या तांड्याचा नाईक ठेवला असेलच की.

पुसदच्या बाजारात अर्जनवीस बसत असे. त्याच्याकडून हिरासिंगनं अर्ज लिहून घेतला आणि जिल्ह्याला पाठवला. जिल्ह्याला त्यावर शिक्का बसला, ‘चौकशी करून कळवावे’ असा शेरा बसला, आणि वासरू कुठंही सोडलं तरी आपल्या गाईकडे येतं तसा तो अर्ज फिरून घनश्याम जमादाराच्या टेबलावर येऊन पडला. यात कोणाची लबाडी नव्हती, हीच तर चीड आणणारी गोष्ट. रीतच तशी होती. ज्यानं मारलं त्यानंच जाऊन विचारायचं, की बाबा रे, तुला कोणी मारलं का.

जमादार चौकशीला आला.

त्यानं हिरासिंगला तांड्याच्या मध्यभागी चिंचेखाली उभं केलं आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं. मग खिशातून अर्ज काढून तो मास्तरासारखा ठासून वाचू लागला.

"‘अर्जदार हा गरीब शेतकरी असून,’" त्यानं वाचलं आणि लाठी हिरासिंगच्या पोटरीवर बसली. "गरीब हाय काय तू?"

"‘त्याच्या मुलास विनाकारण,’" आणि लाठी मांडीवर. "विनाकारण म्हंते."

प्रत्येक ओळीला एक लाठी पडत होती. अर्जनवीसानं अर्ज लांबलचक लिहिला होता. जास्त लिहिलं की जास्त वजन पडतं, असं त्यानंच सांगितलं होतं. खरंच पडलं. ‘तरी मायबाप सरकारने’पर्यंत येईतो हिरासिंग गुडघ्यांवर आला होता आणि त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. शिपायांच्या बंदुका लोकांवर रोखलेल्या होत्या.

शेवटची लाठी डोक्यावर येणार हे सुखीबाईनं ओळखलं. ती धावत आली आणि तिनं हात मध्ये घातला. तिच्या हातांत दंडापासून मनगटापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या, लग्नात चढवलेल्या, नवरा गेल्याशिवाय न उतरणाऱ्या. लाठी डाव्या हातावर बसली. बांगड्या फुटून त्यांच्या कपच्या मांसात घुसल्या. बायका तोंडावर पदर घेऊन रडू लागल्या, कारण जित्या नवऱ्याच्या बायकोच्या बांगड्या फुटणं मारापेक्षा वाईट.

जमादारानं एक कागद काढला. ‘माझी काही तक्रार नाही’ असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं. अंगठा उमटवायला त्याला शाई लागली नाही. हिरासिंगचा अंगठा ओलाच होता.

यानंतर जे झालं ते हिरासिंगच्या हातचं नव्हतं. अंथरुणाला खिळलेला माणूस तरण्या पोराला कुठवर धरून ठेवणार?

सावरटेक आणि तांड्याच्या मध्ये नाला आहे. काठाला शिंदीची दाट झाडी. जमादार दर बाजाराला आपल्या हिरव्या सायकलवरून त्या वाटेनं जात असे, हे भीमसिंगला माहीत होतं. भर दुपारी तो कुऱ्हाड घेऊन झाडीत बसला. हिरवी सायकल उतारावर आली तशी तो मागून धावला आणि कुऱ्हाड चालवली. ती पाठीत बसायची ती पायात बसली. नडगीचं हाड फुटलं आणि सायकल माणसासकट नाल्यात गेली. दुसरा घाव घालायला त्यानं कुऱ्हाड उचलली आणि खालच्या माणसाचा चेहरा पाहिला. तो विठ्ठलराव होता. त्या दिवशी जमादारानं त्याला आपली सायकल देऊन कामाला पाठवलं होतं.

दोघांनी एकमेकांना ओळखलं. विठ्ठलराव ओरडला नाही.

"घाल," तो म्हणाला. "हात म्याच धरलता."

भीमसिंगच्यानं घातला गेला नाही. तो पळत घरी आला आणि बापासमोर कुऱ्हाड टाकून उभा राहिला. सगळं ऐकून हिरासिंग अंथरुणातून उठला. त्याच्या स्वतःच्या पायावर अजून सूज होती. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली आणि थोरल्या मुलाला झोडायला सुरुवात केली. पाठ, दंड, डोकं, जिथं लागेल तिथं. भीमसिंगनं हात वर केला नाही. काठी मोडली तेव्हा हिरासिंग खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

विठ्ठलरावनं ठाण्यात सांगितलं की मी सायकलीवरून पडलो. डॉक्टरानं जखम पाहून भुवया वर केल्या, पण जमादारानं विषय वाढू दिला नाही. कुऱ्हाडीची गोष्ट निघाली की जात्याची निघणार, हे त्याला कळत होतं. अशा रीतीनं सगळेच गप्प बसले. हिरासिंगही बसला, आणि ते त्याला जिव्हारी लागलं होतं. तांड्यातल्या माणसानं दुसऱ्याचं रक्त काढलं आणि नाईकानं नसाब बसवली नाही. लालीबाईची ज्वारी त्यापुढे काहीच नव्हती.

हा मुलूख आधी मुंबई राज्यात गेला आणि मग महाराष्ट्र झाला, तसे लांबलांबचे साहेब जिल्ह्यात येऊ लागले. त्यातलाच एक पोलीस खात्यातला नवा डिप्टी. सडपातळ, चष्मेवाला, कमी बोलणारा. पोलिसांविरुद्धचे जुने अर्ज त्यानं काढून बघितले, तर एकूण एक अर्जाच्या मागे ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद जोडलेला. इतका समाधानी जिल्हा त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यातल्या एका कागदावरचा अंगठा तपकिरी होता. तो त्यानं उजेडाकडे धरला, नखानं खरवडला, आणि दुसऱ्या दिवशी जीप काढून थेट तांड्यात आला. सोबत सावरटेकचा कोणीही नव्हता.

चिंचेखाली बाजेवर बसून त्यानं हिरासिंगला सांगितलं, "यापुढे ज्या ठाण्यावर तक्रार असेल, त्या ठाण्याकडे ती जाणार नाही. बाहेरचा अधिकारी ऐकेल. आणि ठाण्यात नाही, तक्रार करणाऱ्याच्या दारात, सगळ्यांसमोर ऐकेल. ज्याच्यावर तक्रार आहे तो पट्टा आणि टोपी काढून समोर बसेल. वरिष्ठांकडून मी तशी परवानगी आणली आहे. सुरुवात तुमच्यापासून करायची म्हणतो."

हिरासिंगनं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही तर नसाब हाय, साहेब."

"म्हणजे?"

"आमची पंचायत. आमच्यातबी असंच असते. नाईकावर तक्रार असली का दुसऱ्या तांड्याचा नाईक येते."

"मग तसंच समजा," डिप्टी हसून म्हणाला. हे तो सहज बोलून गेला. भला माणूस होता, आणि भल्या माणसांना आपण सहज काय बोललो हे फार उशिरा कळतं.

सुखीबाईला ते पटलं नाही. डिप्टीची जीप गेल्यावर ती म्हणाली, "फुलचंदच्या बा, तो कोर हाय. चांगला असंल, पण कोर हाय. त्याची नसाब नसते."

"टोपी काढायले लावते तो. आनखी काय पायजे तुले?"

"मले भीमसिंग पायजे. त्याचं नाव निघता कामा नाई."

"कायले निघंल?" हिरासिंग म्हणाला, पण तिच्याकडे न पाहता.

सुनावणीच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले. घनश्याम जमादार गाडीतून उतरला, त्यानं कमरेचा पट्टा सोडला, टोपी काढली आणि दोन्ही डिप्टीसमोर जमिनीवर ठेवून खाली बसला. त्याच चिंचेखाली, त्याच जागी. टोपीविना त्याचं डोकं बरंच लहान दिसत होतं. म्हाताऱ्या बायकांनी बोटं मोडली. सुखीबाईनं सकाळीच ताटात गूळ फोडून ठेवला होता, नवऱ्यानं सांगितलं म्हणून.

फुलचंदनं हात दाखवला आणि जे झालं ते सांगितलं. हिरासिंगनं अर्जाच्या ओळी आणि लाठ्या सांगितल्या.

"हात गाडीच्या चाकात आला, साहेब," जमादार म्हणाला. "साऱ्या गावाले मालूम हाय. दारू पिऊन गाडी हाकत होता. बाकी सारं पढवलेलं हाय."

डिप्टीनं विठ्ठलरावला बोलावलं. काखेत काठी घेऊन, एक पाय ओढत तो पुढे आला. जमादारानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. विठ्ठलरावनं मान खाली घातली आणि त्याची नजर ओसरीतल्या जात्यावर गेली. ते अजून तिथंच पडलेलं होतं, धूळ खात.

"हात म्या धरलता, साहेब," तो म्हणाला. "त्या जात्यावर. दस्ता जमादारानं मारला. तीन खेपा."

तांड्यातून एक लांब सुस्कारा निघाला. फुलचंद बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. इतक्या काळात तो एकदाही रडला नव्हता.

पण घनश्याम जमादार काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"साहेब, याले एक इचारा," तो शांतपणे म्हणाला. "याचा पाय कायनं मोडला?"

डिप्टीनं विठ्ठलरावकडे पाहिलं.

"सायकलीवरून पडलो," विठ्ठलराव म्हणाला.

"डॉक्टराले बोलवा, साहेब. तो सांगंल, कुऱ्हाडीचा घाव हाय. कोनासाठी लपवून राह्यला हा? कोनाले भेते? जो मानूस सोताच्या पायाबद्दल खोटं बोलते, तो पराया हाताबद्दल खरं काहून बोलंल?"

डिप्टीनं फाईल चाळली. विठ्ठलरावच्या पायाचा दवाखान्याचा कागद तिथं होता. तो वाचून त्यानं चष्मा काढला.

"विठ्ठलराव, हा घाव धारदार हत्याराचा आहे. कोणी केला?"

"पडलो, साहेब."

"पुन्हा विचारतो."

"सायकलीवरून पडलो." जमावाच्या कडेला उभ्या असलेल्या भीमसिंगकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

डिप्टीनं पेन खाली ठेवलं. "मग तुमची साक्ष मला धरता येणार नाही. एक गोष्ट खोटी सांगणाऱ्याची दुसरी गोष्ट मी खरी कशी मानू?"

जमादारानं हात लांबवून टोपी थोडी आपल्याकडे ओढली.

हिरासिंगला ते दिसलं. आता टोपी डोक्यावर जाणार, पट्टा कमरेला जाणार, आणि हा माणूस पुन्हा या चिंचेखाली उभा राहणार. या वेळी तो विठ्ठलरावलाही सोडणार नाही. हे सगळं थांबवणारा शब्द त्याच्या तोंडात होता. आणि रीतही तीच सांगत होती. तक्रार करणाऱ्यानं आपल्या अंगावरचं आधी झाडायचं. आपण ते झाडलं नाही, म्हणून नसाब अडली.

"तोंड उघडू नको," मागून सुखीबाई आपल्या बोलीत, दबक्या आवाजात म्हणाली. "तुह्या पाया पडते. तोंड उघडू नको."

दंड होईल, त्यानं मनाशी म्हटलं. बैलजोडी मागितली तर बैलजोडी देऊ. शेत मागितलं तर शेत देऊ. गूळ ताटात आहे.

"भीमसिंग," तो म्हणाला. "ऊठ. सांग."

भीमसिंग पुढे आला. बापानं काठीनं मारलं होतं तेव्हा जसा उभा राहिला होता, तसाच उभा राहिला. हात खाली सोडून.

"त्याचा पाय म्या तोडला, साहेब. कुऱ्हाडीनं. जमादार समजून."

डिप्टीचा चेहरा उतरला. त्यानं विठ्ठलरावला विचारलं आणि विठ्ठलराव मान हलवून हो म्हणाला, आणि मग लहान आवाजात म्हणाला, "म्या त्याले माफ केलतं, साहेब." डिप्टीनं पेन उचललं आणि बराच वेळ लिहिलं. लिहून झाल्यावर तो जमादाराला म्हणाला, "टोपीला हात लावू नका. पट्टाही राहू द्या. तुम्ही आता ठाण्यात जाणार नाही, माझ्यासोबत येणार."

डिप्टीसोबत आलेल्या दोन शिपायांनी जमादाराला दोन्ही बाजूंनी धरलं. हिरासिंगनं गुळाचं ताट उचललं आणि तो डिप्टीसमोर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचंच.

"आता आमचा दंड सांगा, साहेब. काय तो सांगा. म्या देतो."

डिप्टी उभा राहिला. "नाईक, यात दंड नाही. ही कोर्टाची गोष्ट आहे. सरकारी माणसावर कुऱ्हाड चालवलेली आहे. मला त्याला न्यावं लागेल."

"पन त्यानं सांगितलं ना. त्यानं सोताहून सांगितलं."

"म्हणूनच. ऐकलेलं मला कानाबाहेर काढता येत नाही. जमादारासाठी कान उघडे ठेवले, ते तुमच्या मुलासाठी बंद कसे करू?"

"तुमी नसाब म्हनली होती."

"तुम्ही म्हणालात," डिप्टी म्हणाला. "मी हो म्हटलं. चूक झाली माझी."

भीमसिंगच्या हातात बेडी पडली. जमादारालाही पडली, हे सांगायला हवं, पण त्या क्षणी तांड्यात कोणी ते पाहिलं नाही. एक दगड आला आणि जीपची काच फुटली. दुसरा आला तो एका शिपायाच्या तोंडावर. माणसं कुऱ्हाडी घ्यायला घराकडे धावली. शिपायांनी बंदुका उचलल्या. जमादार बेडीतल्या हातांनी डोकं झाकून जीपच्या चाकाशी दडला, आणि त्याच्या अंगावर थुंकायला बायकांची झुंबड उडाली. एकानं त्याचा कान धरून ओढला तो फाटला. हिरासिंग ताट टाकून मध्ये धावला आणि जीपला पाठ लावून हात पसरून उभा राहिला.

"गोळ्या घालतील," तो ओरडला. "भीमसिंगले लागंल. सरका मांगं."

एक दगड त्याच्या बरगडीवर बसला, एक गुडघ्यावर. तो हलला नाही. हळूहळू हात खाली आले. जीप सुरू झाली. मागच्या बाकावर भीमसिंग आणि जमादार समोरासमोर बसले होते. भीमसिंगनं आईकडे पाहिलं, मग जीप वळली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

सुखीबाई नवऱ्यासमोर आली. तिनं डावा हात उचलला नाही, त्यावर बांगड्या नव्हत्याच. उजवा उचलला. दंडापासून मनगटापर्यंत हाडाच्या बांगड्या असलेला तो हात तिनं पूर्ण ताकदीनं त्याच्या कपाळावर मारला. कातडी फाटली. तिनं पुन्हा मारला. बांगड्या फुटून खाली पडल्या, आणि ती फुटलेल्या बांगड्यांनीच मारत राहिली, तिच्या हातातून आणि त्याच्या कपाळातून रक्त येत राहिलं. तांड्यातला एकही माणूस तिला धरायला गेला नाही. हिरासिंगनंही हात वर केला नाही.

"म्या म्हनलं होतं," ती म्हणाली, मारणं थांबवून. "तुले म्या म्हनलं होतं."

"हो," हिरासिंग म्हणाला. "म्हनलं होतं."

त्यानं रक्तानं भिजलेली पागडी डोक्यावरून काढली. जमादाराची टोपी जिथं ठेवली होती, त्याच जागी ती ठेवली आणि तिच्यामागे मांडी घालून खाली बसला. समोर उलटलेलं ताट आणि मातीत मिसळलेला गूळ पडला होता.

"खेमसिंग नाईकाले बोलवा," तो म्हणाला. "माह्यावर तक्रार हाय."

कोणी जागचं हललं नाही. मग फुलचंद उठला आणि खेमसिंगच्या तांड्याच्या वाटेला लागला.